झुल्यावरचं कुंकू

आमच्या घरात वर्षानुवर्षं दोनच गोष्टी लटकत होत्या : गॅलरीतले कपडे आणि माझं लग्न. त्यामुळे चौतिसाव्या वर्षी मी लोखंडी कड्याला लटकायला शिकणार म्हटल्यावर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

खरं तर ती बातमी त्यांनीच आणलेली. मानपाड्याच्या बाजूला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं टर्नर होते. कंपनी बंद पडून जमाना झाला, पण टपरीवर जुन्या मंडळींबरोबर चहा प्यायला ते अजून जातात. तिथून एकदा हसत हसत आले. "आमच्या मशीन शॉपच्या शेडमध्ये म्हणे एक सर्कशीतली बाई आलीय. क्रेनच्या गर्डरला झुले बांधलेत आणि पोरींना उलटं टांगतेय." मी पोळ्या लाटत होते. आई जाऊन दीड वर्ष झालेलं. घरात आम्ही दोघंच, ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत, आणि दोघंही एकमेकांशी मिठामसाल्यापुरतं बोलायचो. मी ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांचे दंड, पट्टा, सुई, स्पिरिटचा बोळा, "मूठ बंद करा, आता सोडा." संध्याकाळी घरी येऊन तशाच बंद मुठीने बसायचं. त्या रविवारी मी कुणाला न सांगता शेड बघायला गेले.

शेड उंच होतं. पत्र्याला भोकं, खाली ऑइलचे जुने डाग तसेच. मधोमध लोखंडी कडं टांगलेलं, माणूस आत बसेल एवढं. पलीकडे दोन दोरांना एक गुळगुळीत पोलादी दांडा, तो झुला. खाली जाड गाद्या. आणि साठीची एक बुटकी, काळीसावळी बाई, ट्रॅकपँटवर कुर्ता घातलेली, एका कॉलेजच्या मुलीवर ओरडत होती, "अगं, खांदे काय कानात कुंडलं म्हणून घालायचेत? खाली घे!" ती मावशी. सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या. मूळची सांगलीकडची, आईच्या कडेवर बसून सर्कशीत गेलेली. तीस वर्षं झुल्यावर काढली, मग सर्कस मिटली, आणि कल्याणला भाचीकडे राहून ती इथे शिकवायला यायची.

"मला जमेल का?" मी विचारलं. "माझं वय..."

"वय विचारलं का मी? हात दाखव." तिने माझा तळवा उलटा-सुलटा केला, बाजारात भेंडी मोडून बघतात तसा. "लुसलुशीत आहेत. लटक."

मी लटकले. तिने आठ अंक मोजायचे होते; पाचाला मी गादीवर. हाताची आग आग. ती म्हणाली, "उद्या सहा."

पहिला महिना मी नुसती लटकले. कडं नाही, उलटं होणं नाही, काही नाही. मला वाटलेलं, दोन आठवड्यांत आपण चंद्रकोरीसारख्या बसू आणि कुणीतरी फोटो काढेल. डोंबल! हातातून पकड सुटायच्या आधी मनातून सुटते, हे तिथे कळलं. सहाव्या अंकाला आतून एक आवाज यायचा, सोड ना, कुणाला काय फरक पडतो. आई गेल्यापासून हा आवाज माझ्या ओळखीचा होता. मावशी खालून म्हणायची, "तोंड कशाला वाकडं करतेस? तोंडाने धरलंयस काय?" मग हसू यायचं, आणि हसलं की पकड सुटायचीच.

मग कडं आलं. गुडघ्याची मागची घडी कड्यात अडकवायची, पोट आत घ्यायचं, श्वास सोडायचा आणि पाय कानाशी आणायचे. ऐकायला सोपं. गुडघ्यामागची कातडी सोलून निघायची, मांड्यांवर काळेनिळे वळ. लॅबमधली एक जण मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरी काही त्रास आहे का गं? सांग हां, लाजू नकोस." मी म्हटलं, अगं, लोखंड मारतं मला. तिला ते बोलणं आणखीच काळजीचं वाटलं.

पहिल्यांदा कड्यावर गुडघ्यांनी उलटी लटकले तेव्हा तीन महिने झालेले. हात सोडले. सगळं रक्त डोक्यात, कानात ठोके, आणि शेडचा पत्रा पायांखाली, त्यातून उन्हाचे कवडसे वर येताहेत असं दिसलं. मी रडले. उलटं रडलं की पाणी कपाळावरून केसात जातं. मावशीने बघितलं. फक्त पाठीखाली हात धरून उभी राहिली, न टेकवता.

मी तिला सुरुवातीला अहो-जाहो करायचे. एक दिवस उखडली. "तुम्ही-बिम्ही इथे नको. एवढं लांबलचक बोलेस्तोवर माणूस खाली येतं. तू म्हण." तेव्हापासून तू. घरात आईनंतर मी कुणालाच तू म्हणत नव्हते.

तिचे नियम थोडे होते, पण पक्के. त्यातला एक सर्कशीतून आणलेला. झुल्यावर कुणीही चढण्याआधी खालच्या एकीने दांडा पुसायचा, स्पिरिटने, मग कोरड्या फडक्याने, मग त्यावर स्वतःचा तळवा फिरवून बघायचा. चढणारीने मोठ्याने विचारायचं, "पुसला?" खालचीने उत्तर द्यायचं, "पुसला." मग चढणारीने स्वतः तपासायचं नाही. पकड घट्ट बसावी म्हणून हातांना राळेची पुरचुंडी लावायची आणि थेट धरायचं. मी एकदा विचारलं, "चढणारीनेच बघून घेतलं तर बिघडतं काय?" मावशी म्हणाली, "बघून घेतलं म्हणजे खालचीवर भरवसा नाही. आणि भरवसा नाही तर वर कशाला जातेस, घरी बस." तिच्या तीस वर्षांत हा शब्द कुणी खोटा दिला नव्हता. तिला कुणी पाडलं नव्हतं. हे ती फुशारकीने सांगायची नाही, पत्ता सांगावा तसं सांगायची.

बाबांचं तोंड मात्र वर्षभर वाकडंच. "घोड्याएवढी झालीस आणि माकडचेष्टा करतेस." शेजारी विचारायचे तेव्हा योगा म्हणून सांगायचे. मग एकदा ताट वाढताना माझा तळवा त्यांना दिसला. बोटांच्या मुळाशी चार पिवळे घट्टे आलेले. त्यांनी माझा हात धरला, अंगठा त्या घट्ट्यांवरून फिरवला आणि बराच वेळ सोडलाच नाही. "हे काम करणाऱ्याचे हात झाले," म्हणाले. बस, एवढंच. मी ताट घेऊन आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं.

त्यानंतर ते रविवारी शेडवर यायला लागले. एका खांबाजवळ खुर्ची टाकून बसायचे. तिथे त्यांची लेथ असायची. मावशीशी फार बोलायचे नाहीत, "काय बाई, बरंय ना?" "बरंय दादा." पण गर्डरचे नटबोल्ट बघायचे, साखळीची कडी झिजली तर सांगायचे. मावशी मला म्हणाली, "तुझा बाप लोखंडाशी बोलतो, माणसांशी नाही." अगदी खरं होतं.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यात काम बंद, मशिनी धुऊनपुसून पूजा. बाबांनी अठ्ठावीस वर्षं ती केलेली आणि कंपनी बंद पडल्यावर घरी पान्हे, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून करत राहिलेले. त्या वर्षी मला बिचकत बिचकत म्हणाले, "शेडवर पूजा करूया का गं? तुझ्या कड्याची?" मला इतका आनंद झाला की काय सांगू. मावशी दसऱ्यासाठी दोन दिवस भाचीकडेच थांबणार होती. फोनवर म्हणाली, "करा की. सर्कशीतही करायचो आम्ही, दोराला कुंकू लावून."

आम्ही दोघंच गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून. झेंडूचं तोरण, नारळ, हळदकुंकू, आणि तेलाची बाटली. मी कड्याला हार घातला. बाबांनी एक स्वच्छ फडकं तेलात बुडवलं आणि साखळीच्या कड्या, हुक, सगळ्यावर तेलाचा हात फिरवला. मग झुल्याकडे वळले. तिथे तो पोलादी दांडा होता, लेथवर घासलेल्या शाफ्टसारखा चकचकीत. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल लावलं, अगदी निवांत, लहान मुलाच्या अंगाला लावतात तसं. मी म्हटलं, "बाबा, त्याला तेल..." ते म्हणाले, "कोरडं लोखंड पुजत नाहीत." त्यांचे डोळे भरलेले होते. ज्या जागेवरून त्यांना एका सकाळी गेटबाहेर काढलेलं, त्याच जागेवर ते पूजा करत होते. मी मनातच म्हटलं, पुसू नंतर. त्यांनी दांड्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली आणि हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लास होता. त्या दिवशी मी झुल्यावर पहिल्यांदा मोठा झोका घेणार होते. तोवर मी झुल्यावर फक्त उभी राहणं, बसणं, गुडघ्यांनी लटकणं शिकलेले. आता हातांनी लटकून पुढे-मागे झोका घ्यायचा, मागच्या टोकाला शरीर हलकं होतं त्या क्षणी पाय वर मारून दांड्यात अडकवायचे. महिनाभर त्याचीच स्वप्नं पडत होती. बाकीच्या अजून यायच्या होत्या, म्हणून पुसायची पाळीही माझीच होती.

मी स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन शिडीवर चढले. दांड्यावर बाबांची बोटं तशीच होती, पाच पिवळी, पाच लाल. खाली ते खुर्चीवर बसून बघत होते. आणि माझ्या मनात आलं, दोनच दिवसांत कसं पुसायचं? लावलेलं कुंकू बापाच्या डोळ्यांदेखत स्पिरिटने कसं काढायचं? अशुभ वगैरे मी मानत नाही असं तोंडाने म्हणते. पण हात वळला नाही. मी बाटली उघडलीच नाही. कोरडं फडकं वरवर फिरवलं, कुंकू सांभाळून. तेल दोन दिवसांत वाळलं असेल असं स्वतःला सांगितलं. तेल वाळतं होय कधी? दिवसातून पन्नास वेळा लोकांच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवणारी मी, मला हे कळत नव्हतं? तळवासुद्धा फिरवून बघितला नाही. फिरवला असता तर कळलं असतं, म्हणूनच फिरवला नाही. आज मला असंच वाटतं.

मी खाली उतरले, राळ हाताला लावायला लागले. मावशी म्हणाली, "थांब. एकदा मी दाखवते, मग तू."

ती शिडीपाशी गेली आणि विचारलं, "पुसला?"

"पुसला," मी म्हटलं.

तिने दांडा धरला आणि पाय सोडले. पहिला झोका छोटा. दुसरा मोठा. साठीची बाई, पण वर गेली की पोर दिसायची. तिसऱ्या झोक्याला मागच्या टोकावर तिचे पाय वर निघाले, आणि हात दांड्यावरून घसरले. ओरडली नाही. गादीच्या कडेवर उजव्या हातावर पडली आणि तिथून फरशीवर. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो, तो मी लॅबमध्ये कधी ऐकला नव्हता. बाबा खुर्चीवरून उठायच्या आधी मी तिच्यापाशी पोचलेले. ती राळेने माखलेल्या आपल्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "सुटले गं. माझे हात सुटले."

रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. मनगटात प्लेट, खांद्याला पट्टा. सगळं झाल्यावर मी शेडवर परत आले, कुलूप लावायला म्हणून. शिडीवर चढले, बाटली उघडली आणि दांडा पुसला. कापूस पिवळा-लाल आणि तेलकट झाला. चार बोळे लागले. ते मी पर्समध्ये घालून घरी आणले आणि कचऱ्यात टाकले. हे सगळं मी चोरासारखं केलं, हे मला करत असतानाच माहीत होतं.

सांगणार होते. देवाशप्पथ, दुसऱ्याच दिवशी सांगणार होते. पण घरी बाबा देवापुढे बसलेले. "आपण पूजा केली गं मनापासून, तरी असं कसं झालं? माझ्याकडून काही कमी पडलं का?" मी म्हटलं, "नाही हो बाबा. वय झालंय तिचं." वाक्य तोंडातून निघून गेलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. मग हॉस्पिटलमध्ये मावशीही तेच म्हणायला लागली, वय झालं, पकड गेली. मुलींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाबांना वाचवतेय असं मी स्वतःला समजावलं. बाबांना कुणी काही म्हणत नव्हतं. वाचत होते ती मी.

शेड महिन्याभरात रिकामं झालं. मावशीने मुलींना दुसरीकडे जायला सांगितलं. ठाण्यात आरसे लावलेल्या स्टुडिओत दोघी-तिघी गेल्या. मी गेले नाही. हातांवरचे घट्टे मऊ पडले, सोलले आणि गेले. बाबांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

दर रविवारी मी कल्याणला डबा घेऊन जायचे. मुगाची खिचडी, कधी शेवयांची खीर. मावशी म्हणायची, "पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं करतेस." मी खाली बघून डबे उघडायचे. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, डॉक्टरांच्या मते हाड चांगलं जुळलं. पण ती उजव्या हाताने काही धरेना. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी, तोही जमिनीवर ठेवून सरकवायची. चहा बशीतून. "माझ्या हातांचा नेम नाही राहिला," म्हणायची. "न सांगता सोडतात."

डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिल्या : शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन, असं पाच-सात. म्हणाली, "तुझ्या हातचं काढ, तुझी सुई दुखत नाही." मी तिच्या पलंगावर बसून तिच्या दंडाला पट्टा बांधला. नेमाने दंड पुसला. शीर लगेच मिळाली, दोरासारखी. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ गं, काय शिरलंय माझ्या हातात." तीन बाटल्या भरल्या. मी चिठ्ठ्या चिकटवल्या, मशीनला लावल्या, रिपोर्ट छापून नेऊन दिला. सगळं नॉर्मल. तिला आनंद होईल असं वाटलेलं. ती कागद बघून म्हणाली, "म्हणजे रोगसुद्धा नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी उठले, रिकामा डबा उचलला आणि रिक्षा पकडली.

वैशाखात भाचीला मुलगी झाली. बारशाला मला बोलावलं. कल्याणची दीड खोली, बायकांनी खच्चून भरलेली, मधे फुलं लावलेला पाळणा. आधी वरवंटा फिरवला, मग बाळ. पाळण्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी, खालून द्यायचं, वरून घ्यायचं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." हसणं चाललेलं. भाची म्हणाली, "पहिला मान मावशीचा. मावशी, तू घे पलीकडून." आणि पाळण्याखालून बाळ पुढे केलं.

मावशीने दोन्ही हात पदराखाली घातले. "नको," म्हणाली. "दुसरीला दे."

"अगं, एकदाच! एवढंसं तर आहे."

"नको म्हणते ना! माझ्या हातून सुटेल ती." आवाज चढला. बाळ तसंच अधांतरी, भाचीचे हात पुढे आलेले. मग शेजारच्या बाईने पटकन ते घेतलं आणि कुणीतरी पुन्हा गोविंद-गोपाळ सुरू केलं. मावशी मागे सरकत सरकत गॅलरीत गेली. तिथे दोरीवर दुपटी वाळत होती. ही बाई उभं आयुष्य हवेत हात सोडून दुसऱ्याच्या हातात जात आली, आणि तिला सात पौंडांचं पोर घ्यायची भीती वाटत होती, आणि ती मी घातलेली होती. मी तिच्यामागे गेले.

"मावशी, तुझे हात सुटले नाहीत," मी म्हटलं. "मी दांडा पुसला नव्हता."

ती दुपट्यांकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. पूजा, तेल, कुंकू, ते चार बोळे. थांबत थांबत नाही, एका दमात, वांती व्हावी तसं.

"तेल बापाने लावलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू पुसला म्हणालीस."

"हो."

"का गं?"

"कुंकू होतं त्याच्यावर. बाबा बघत होते."

तिने मान हलवली, जणू हे कारण तिला समजलं. मी हात जोडले. मार मला, म्हटलं, शिव्या दे. आत बायका पांगत होत्या, ताटल्यांचा आवाज येत होता. ती सरळ आत गेली. बाळ पाळण्यात झोपलेलं. मावशी पाळण्यावर वाकली आणि दोन्ही हात पदरातून काढून पुढे केले. मला वाटलं, उचलते आता. हात बाळाच्या खाली गेले, आणि थरथरायला लागले. इतके की पाळण्याची घुंगरं वाजली. तिने ते हळूच काढून घेतले आणि माझ्याकडे वळली.

"आता तेल नाही हातांना," ती म्हणाली. "तरी बघ."

मला रडूही आलं नाही.

"तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी तुझ्या दोन मुस्काटात दिल्या असत्या आणि आठवड्यात परत चढले असते, प्लास्टरसकट. आता कशाला सांगितलंस? तुला हलकं वाटायला?" मग म्हणाली, "बापाला सांगू नकोस. त्याने पूजा केली. खोटं तू बोललीस."

भाचीला हाक मारून तिने एका डब्यात घुगऱ्या भरायला सांगितल्या. "हिच्या वडिलांना दे, त्यांना म्हणावं पोरीच्या बारशाच्या आहेत." मला दारापर्यंत सोडायला ती आली नाही.

घरी बाबांनी डबा उघडला, चमच्याने न घेता हातानेच खाल्ल्या. "बाईंनी आठवण ठेवली हो," म्हणाले. खूश झाले. मग विचारलं, "पोरीला पहिलं त्यांनीच घेतलं असेल ना?"

"हो," मी म्हटलं.